चौदाशे दोनचा ताबा

साळवेमामा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची चौकशी करतात, मग माणसांची. दारात चपला काढायच्या, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं आणि जवळच्या भिंतीवर तीनदा टकटक करायची. मग कान पुढे करून थांबायचं. तोवर घरच्यांनी ‘या, बसा’ म्हणायचं नसतं. कुणी म्हटलंच तर मामा हात वर करून त्याला गप्प करतात. भिंतीचं समाधानकारक उत्तर आलं तर मग ‘काय म्हणतेस, बरी आहेस ना?’ भिंत बरी नसली तर माणसाची चौकशी राहूनच जाते.

ही सवय माझगावच्या गोदीतली. मामांनी सगळी नोकरी जहाजांच्या टाक्या तपासण्यात घालवली. वेल्डिंग झालं की हातोडी घेऊन टाकीत शिरायचं, ठोकून ऐकायचं, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे आणि जिथे गळेल तिथे खडूने फुली मारायची. निवृत्तीच्या दिवशी गोदीने मामांना शाल दिली. हातोडी मामांनी आपली आपण आणली.

आमची चिंचपोकळीची चाळ पाडून एका बड्या बिल्डरने तिथे दोन इमारती बांधल्या. पुढे रस्त्याला लागून विकत घेणाऱ्यांचा टॉवर, मागे आम्हा जुन्या भाडेकरूंची तेवीस मजली. दोन्हींच्या मधे कारंजं आहे. ते त्यांचं. वारा सुटला की त्याचं पाणी तेवढं आमच्याकडे येतं. मी चौदाशे एकमध्ये राहते आणि आमच्या इमारतीच्या कमिटीची सेक्रेटरी आहे. निवडणुकीच्या सभेत मी पाणी प्यायला बाहेर गेले होते, तेवढ्यात या लोकांनी मला सेक्रेटरी करून टाकलं. तेव्हापासून सभेला जाताना मी पाण्याची बाटली बरोबर नेते.

साळवेमामांचं घर माझ्या शेजारचं, चौदाशे दोन. म्हणजे कागदावर त्यांचं. आम्ही सगळ्यांनी किल्ल्या घेतल्या, नारळ फोडले, पंखे लावले, भांडायलासुद्धा लागलो, तरी मामांनी ताब्याच्या कागदावर सही केली नव्हती. ते रोज सकाळी वॉचमनकडून किल्ली घ्यायचे, दिवसभर ठोकायचे आणि संध्याकाळी किल्ली परत करून शीव कोळीवाड्याला जायचे. चाळ पाडल्यावर आम्हा सगळ्यांना तात्पुरतं ठेवलं होतं त्या तिथल्या ट्रान्झिटच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्यांच्या बायको, शकूमामी, होत्या. बाकी सगळे निघून आलेले. ती इमारत महिनाअखेर रिकामी करून पाडायची, अशी नोटीस लागलेली. म्हणजे मामांनी सही केली नाही तर मामी जाणार कुठे, हा प्रश्न होता, आणि सेक्रेटरी म्हणून तो रोज कुणीतरी मलाच विचारायचं.

मामांचा आणि या बिल्डरचा छत्तीसचा आकडा अगदी नमुना फ्लॅट दाखवला त्या दिवसापासूनचा. आम्ही सगळ्या बायका पडदे बघत होतो. मामा सरळ आत गेले आणि बेडवर आडवे झाले. पाय पोटरीपासून बाहेर. ‘मी पाच फूट चार इंच,’ झोपल्या झोपल्याच त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं, ‘हा पलंग कुणासाठी केलाय?’ खोली मोठी दिसावी म्हणून सगळं सामान छोटं बनवून ठेवलेलं होतं. मग मामांनी दाखवलं, की आतल्या कुठल्याही चौकटीला दार नाही. दारं लावली तर उघडायला जागा कुठे होती! ती मुलगी हसून म्हणाली, ‘काका, इमॅजिन करायचं.’ मामा म्हणाले, ‘बाई, टाकी भरल्यावर भोक दिसलं तर तिथे इमॅजिन करून भागत नाही.’

आमच्या वास्तुशांतीला तर त्यांनी कहर केला. गुरुजी आत मंत्र म्हणतायत, मी पाहुण्यांना बासुंदी वाढतेय आणि मामा हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून एकेक लादी वाजवतायत. ‘ही ठीक. ही ठीक. ही पोकळ. ऐकलंस?’ कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मामांनी सोळा लाद्यांवर फुल्या मारल्या. त्यातल्या दोन रांगोळीखाली होत्या, तर रांगोळी बाजूला सारून मारल्या. आमचे हे एवढे शांत, पण त्यांचाही तोल गेला. ‘मामा, आजच्या दिवशी तरी नको!’ मामांनी खडू खिशात टाकला. ‘बरं, आज नको. पण सोफा या बाजूला ठेवू नकोस.’

महिनाभराने एका दुपारी हॉलमध्ये मोठा आवाज झाला. बघतो तर मधल्या लाद्या एकमेकींना ढकलत उचकटून वर आल्या होत्या. मोजल्या. सोळापैकी चौदा. त्या दिवसापासून आमचे हे मामांचे भक्त झाले. आता रिमोट चालेनासा झाला तरी मामांना ठोकून बघायला सांगतात.

मग काय, घराघरांतून बोलावणी. मामा पिशवी घेऊन फिरायचे. पिशवीत हातोडी, ओळंबा, सपाटी बघायची पाणसळ, खडू आणि एक काचेची गोटी. गोटी लादीवर ठेवायची आणि सोडून द्यायची. नवव्या मजल्यावर ती स्वयंपाकघरातून निघाली आणि कुणी न ढकलता बेडरूममध्ये कपाटाखाली गेली. घरातली म्हातारी म्हणाली, ‘बरंय, केर आपोआप एका कोपऱ्यात जाईल.’ पुढच्या टॉवरमधल्या एका बाईंनी तर मामांना ड्रायव्हर पाठवून नेलं. ड्रायव्हर आम्हाला बघून न बघितल्यासारखं करत होता. त्यांच्याकडे जमिनीला संगमरवर, नळ सोनेरी आणि बेडरूमच्या भिंतीला छतापासून ओल. बाई म्हणाल्या, आम्ही सेंटची बाटली ठेवलीय. मामा परत आले ते खुशीत. ‘सुनंदा, त्यांचंपण आपल्यासारखंच आहे ग!’ मला उगाच बरं वाटलं.

आता त्रिवेदींबद्दल सांगायला हवं. त्रिवेदी हे बिल्डरचे ताबा देणारे साहेब. पन्नाशीचे, घामेजलेले, हातात कायम दोन फोन. माणूस वाईट नाही, पण त्यांना कंपनीने एकच शब्द शिकवून पाठवलेलं. भिंतीला भेग दाखवा, ‘नॉर्मल है.’ खिडकीतून पाणी येतं, ‘नॉर्मल है.’ दार लागत नाही, ‘अंकल, नॉर्मल है, बिल्डिंग सेटल हो रही है.’ यावर मामा म्हणाले, ‘बिल्डिंग सेटल होतेय ते कळलं. आम्ही कधी होणार?’

मामांच्या वहीत चौदाशे दोनच्या त्रेसष्ट तक्रारी होत्या. त्यांतली अकरावी, बाथरूमचा उतार उलटा. त्रिवेदी म्हणाले, नॉर्मल. तेव्हा मामांनी गोदीचा कायदा काढला. गोदीत असं होतं म्हणे, की ज्याने टाकी पास केली त्याने पहिल्या फेरीला जहाजावर जायचं. ज्याची सही, तो आत. मामांना तर जन्मभर बोट लागायची. पण पास केलेल्या प्रत्येक जहाजावर ते चढले आणि प्रत्येक जहाजावर ओकले. कठड्याला धरून ओकायचे, मग खाली जाऊन आपली टाकी कोरडी आहे ना ते बघायचे, मग वर येऊन पुन्हा कठडा धरायचे.

‘त्रिवेदीसाहेब, हे बाथरूम पास केलं ती सही तुमचीच ना? मग करा आंघोळ.’

‘अंकल, मैं सुबह नहाके आया हूँ.’

‘पाय तरी धुवा. दोन बादल्या.’

बाहेर आम्ही दहाबारा जण जमलो होतो. त्रिवेदींनी बूट-मोजे बाथरूमच्या दाराशी काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, स्टुलावर बसले आणि बिचाऱ्यांनी दोन बादल्या पायांवर ओतल्या. पाणी क्षणभर थबकलं. मग जाळीकडे पाठ करून उंबऱ्यावरून बाहेर आलं आणि सरळ त्यांच्या बुटांत गेलं. मामांनी वही पुढे केली, त्रिवेदींनी अनवाणीच अकरा नंबरवर सही केली.

बाथरूम फोडून नवीन झालं. हळूहळू एकेक तक्रार मिटली. पण मामांचं काही मिटेना. आता ते बारीक बारीक काढायला लागले. स्वयंपाकघराचा उंबरा चार मिलिमीटर वर आहे. पॅसेजमधल्या एका लादीची कड शेजारणीपेक्षा उंच आहे. दोन दारांच्या कड्या एका उंचीवर नाहीत. तीन बटणं दाराच्या डावीकडे आणि एकच उजवीकडे का? तेही डावीकडे घ्या. लोक आता हसायला लागले. त्रिवेदी वैतागले, गवंडी पळून गेला, आणि महिना संपायला नऊ दिवस राहिले.

मी चिडले. मी चिडले की बोलताना भान राहत नाही, हे आमच्या शाळेच्या ऑफिसातसुद्धा सगळ्यांना माहीत आहे. ‘मामा, लाज वाटत नाही का? चार मिलिमीटरसाठी बायकोला त्या ओसाड इमारतीत ठेवलंत? एवढं परफेक्ट घर तुम्हाला हवंय कशाला? जहाज आहे का ते, बुडायला?’

मामांनी गोटी उचलून पिशवीत टाकली आणि किल्ली द्यायला खाली गेले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून हाफ डे घेतला आणि तडक शीव कोळीवाडा गाठला. म्हटलं, मामींनाच सांगावं, तुमच्या नवऱ्याला वळणावर आणा. मामी परळच्या एका इस्पितळात आया होत्या. सगळा वॉर्ड त्यांना टरकून असायचा. अलीकडे मात्र त्या कुठे येत-जात नव्हत्या. गुडघे दुखतात, असं मामा सांगायचे. आमच्या वास्तुशांतीलाही आल्या नव्हत्या.

‘सुनंदा ना? पायऱ्यांवरनंच वळखलं. चपला घासतेस अजून,’ मामी दारातून म्हणाल्या. गुडघे ठणठणीत दिसत होते. खोलीत त्या भरभर वावरत होत्या, डबे न बघता काढत होत्या, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करत होत्या. मी एकीकडे मामांची गाऱ्हाणी सांगत होते आणि पंख्याखाली बसावं म्हणून कोपऱ्यातलं स्टूल ओढून मधे घेतलं. फोन वाजला म्हणून उठून खिडकीशी गेले.

मामी चहाचा कप घेऊन वळल्या आणि थेट स्टुलावर आदळल्या. कप फुटला, चहा त्यांच्या पायावर सांडला. खोलीत लख्ख उजेड होता. स्टूल लाल रंगाचं होतं.

मी धावले. मामींनी पाय झटकला, हाताने चाचपून स्टूल शोधलं आणि शांतपणे विचारलं, ‘हलवलंस होय ग?’

मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. कडेचं सगळं गेलं होतं, मधलं थोडं दिसायचं, तेही आता धूसर. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. ‘कुणाला बोलू नको हां. जल्मभर पेशंटांना हाताला धरून नेलं मी. आता सगळी चाळ माझा हात धरायला धावणार, आणि पाठ वळली की बिचारी, बिचारी. मला नाय चालायचं ते.’

‘पण मामी, मग तिथे या ना. इथे एकट्या काय करता?’

‘ही खोली पाठ झालीय मला. दारापासून मोरी सात पावलं, मोरीपासून गॅस तीन. ते म्हणतात चल. मी सांगितलं, मी नाय येणार. नवीन घरात मी पडले, झडले, तर ते सोताला माफ करणार नाहीत. त्यांना वळखते ना मी.’ पायावरचा चहा पुसत म्हणाल्या, ‘तरी रोज जातात ठोकायला. मी काय बोलत नाय.’

मी काचा वेचल्या. स्टूल जिथून घेतलं होतं तिथे, भिंतीला टेकवून नीट ठेवलं. घरी येताना बसमध्ये मला रडू आलं, आणि आदल्या दिवशीचं माझंच बोलणं आठवून मी मलाच शिव्या दिल्या.

सकाळी चौदाशे दोनमध्ये गेले. मामा उंबऱ्याशी पाणसळ लावून बसले होते. मी चपला काढल्या, डोळे मिटले, एक हात भिंतीवर ठेवला आणि चालायला लागले. हॉल, पॅसेज, बेडरूम. बाल्कनीच्या दाराशी सरकत्या काचेच्या पट्टीला अंगठा असा आपटला की आई आठवली.

‘मामा, हे राहिलंय,’ मी म्हटलं.

त्यांनी पाणसळ बाजूला ठेवली. ‘शकू बोलली?’

‘स्टूल मी हलवलं.’

मामा तिथेच खाली बसले. हातोडी मांडीवर. ‘मी पास केलेली टाकी गळली तर मी आत असायचो, सुनंदा. भीती नाय वाटायची कधी. इथे सही माझी, आणि आत ती.’

माझ्या हातात करण्यासारखं एक होतं. बिल्डरला आमच्या इमारतीसमोर सगळ्या रहिवाशांचा हसरा फोटो काढायचा होता, पुढच्या कुठल्यातरी प्रोजेक्टच्या जाहिरातीसाठी. मी त्रिवेदींना फोन केला. म्हटलं, आम्ही सगळे येऊ, बायका नऊवारी नेसतील, म्हाताऱ्या दात लावून येतील. पण आधी चौदाशे दोनचं सगळं काम. चार मिलिमीटरसकट. त्रिवेदी म्हणाले, ‘मॅडम, आप भी?’ मी म्हटलं, मीपण. कारण काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, मामांचं वेड मला लागलं. आमचे हे तर रात्री जेवताना माझ्याकडे काळजीने बघत होते.

सहा दिवसांत काम झालं. बाल्कनीची पट्टी लादीत बसवली, बटणं डावीकडे आली, उंबरे काढलेच. मामा आणि मी आळीपाळीने डोळे मिटून फिरलो. पायाला काही लागलं नाही. तरी मामींनी येईन म्हटलं नव्हतं. ‘नुसतं बघायला येते’ एवढंच म्हणाल्या.

त्या आल्या रविवारी सकाळी, टॅक्सीने. अंगावर इस्पितळात नेसायच्या ते पांढरं लुगडं, हातात पिशवी. त्रिवेदी ताब्याचे कागद घेऊन उभे होतेच. लिफ्टमध्ये मी मामींचा दंड धरायला गेले, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. चौदाशे दोनच्या दारात त्या म्हणाल्या, ‘सगळ्यांनी भाईर थांबा.’ चपला काढल्या, भिंतीला तळहात टेकला आणि आत गेल्या.

आम्ही दारातून बघत होतो. त्या मनाशी मोजत होत्या, ओठ हलताना दिसत होते. सहा, सात, आठ. पाय कुठे अडला नाही. मामांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखेल इतकं आवळलं होतं. पॅसेजच्या टोकाशी, जिथे स्वयंपाकघराकडे वळायचं, तिथे मामींचा हात थांबला.

‘हिथं फुगलंय,’ त्या म्हणाल्या.

मामा धावत आत गेले. तळहात लावला. खरंच, भिंतीला टेंगूळ होतं, रुपयाच्या नाण्याएवढं जाड. रंगाखाली नजरेला दिसत नव्हतं आणि ठोकून ऐकूही येत नव्हतं, कारण पोकळ नव्हतंच ते, भरीव होतं. मामांचा चेहरा असा पडला की बघवेना. त्रिवेदींनाही दया आली असावी. ‘अंकल, कल ही आदमी भेजता हूँ. आधे घंटे का काम है.’

‘नको,’ मामी म्हणाल्या. त्यांचा हात अजून तिथेच होता. ‘ऱ्हाऊ द्या. हाताला लागलं की वळायचं. नायतर इथे मला कळलं नसतं.’ मग मामांच्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, ‘एवढी जहाजं तपासलीत आणि हे सापडलं नाय व्हय तुम्हाला?’ आणि हसल्या. वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मामा भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. जरा वेळाने त्यांनी त्रिवेदींकडून कागद मागून घेतला, भिंतीवरच धरला आणि सहीच्या वर लिहिलं, की पॅसेजच्या टोकाचा फुगवटा कोणीही, कधीही दुरुस्त करू नये. लिहिताना अक्षर वाकडं झालं. मग सही केली. त्रिवेदींनी वाचलं, एकदा मामांकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि कागद जपून घडी घालून ठेवला. ते वाक्य त्यांच्या ऑफिसने कसं वाचलं असेल, देव जाणे.

आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. पिशवीत मामींनी चहा-साखर आणि छोटं पातेलं आणलेलं होतं, म्हणजे घरून निघतानाच त्यांनी बहुतेक ठरवलं असावं. ‘अहो,’ त्यांनी हाक मारली, ‘ते साहेब साखर घेतात का, विचारा.’

मामा अजून त्या फुगवट्यावरून हात फिरवत होते. त्रिवेदी बुटांकडे बघत होते. शेवटी मीच ओरडून सांगितलं, घेतात म्हणून.